उन्हात वितळत नाही

कोल्हापूरहून एसटीने उतरले तेव्हा
नाकावर पट्टी, डोळ्यांखाली करवंदं पिकलेली.
देवगडच्या जेटीवर लिलाव चालू होता,
तो जरा थांबला.

मथुराकाकी तारी म्हणाली,
"प्लास्टिक ना गो तां? मगे उन्हात बसा नको.
वितळतलां."
हातात सुरमई, सुरीला खवले,
चेहऱ्यावर खरोखरची काळजी.

काकी, प्लास्टिकचं काही नसतं त्यात.
माझंच हाड, माझीच कूर्चा,
थोडी घासलेली, थोडी सरळ केलेली.
"मगे प्लास्टिक कित्याक म्हणतत?"
हे डॉक्टरला विचारायचं राहूनच गेलं होतं.

आणि गंमत म्हणजे ऊन टाळायला त्यानेही सांगितलं होतं,
कारण वेगळं, सुजेचं, डागांचं.
म्हणून मी सोसायटीच्या वह्या घेऊन
डोक्यावर टॉवेल टाकून बसायचे,
आणि अख्ख्या बंदराची खात्री पटली.

खलाशांना वाटलं, लग्नासाठी.
कुणाला वाटलं, हातोडीने फोडतात, मग थापीने थापतात.
नारायण मेतर रोज विचारायचा, कोणाचा फोटो दाखवलास?

फोटो नेला होता, खोटं कशाला बोलू.
डॉक्टरने तो टेबलावर पालथा घातला.
म्हणाला, हिचा चेहरा आणलायस का बरोबर?
मग नुसतं नाक कुठे बसवू?

पट्टी निघाली.
आरशात उकडलेला बटाटा.
वर्ष लागतं, असं तो म्हणाला होता,
मी आठवडा ऐकलं होतं.

"आता तुका वास येवचो नाय,"
हे मात्र तीन आठवडे खरं निघालं.
बांगडा, डिझेल, सुकट, सगळं एकसारखं, कापसातून.
मासळीच्या वहीवर बसणाऱ्या बाईला वास नाही,
म्हणजे आंधळ्याच्या हाती तराजू.

मग एका पहाटे डावी नाकपुडी उघडली.
अकराव्या वर्षी वल्हं लागलं, तेव्हापासूनची बंद.
ओली दोरी. वाळत घातलेला जवळा.
बर्फाच्या लादीलाही वास असतो, हे तेव्हा कळलं.
कुणाच्या तरी कालवणात तिरफळ पडलं,
पार वरच्या आळीत,
आणि मी इथे जेटीवर, दोन्हींनी,
दोन्हींनी.

विचारणाऱ्याला मी हेच सांगायचे. वल्हं. श्वास.
आणि ते खरंच आहे.

पण बिलावर दोन ओळी होत्या.
आतला पडदा सरळ करणे, ही एक.
वरचा उंचवटा काढणे, ही दुसरी, पैसे वेगळे.
उंचवटा वल्ह्याचा नव्हता.
उंचवटा आयेचा होता.

वहीत मी कधी रक्कम लपवली नाही.
ही लपवली.

तिला वाचता येतं, हे मी विसरले होते.
बिल घडी करून तिने तांदळाच्या डब्याखाली ठेवलं.
"माझां नाक तुका नको झालां," एवढंच.
मग महिनाभर तिने भाकरी वाढली, माझ्याकडे न बघता.

चौथ्या वर्षी मला मुलगी झाली.
मथुराकाकी कुंची घेऊन आली आणि वाकून बघू लागली,
नवीन नाक पोरीकडे इलां काय?
काकी, रक्ताला ऑपरेशन कळत नाही.
तिला काय मिळायचं ते जुन्यातलंच.
ती म्हणाली, मगे पैसे फुकट.

न्हाणीत आये पाय पसरून बसते,
पोर पायांवर, वाटीत कोमट खोबरेल,
आणि चिमटीत धरून नाक ओढते
वरून खाली, वरून खाली,
रोज, मोजून एकवीस वेळा.

म्हटलं, आये, ओढून नाक बदलत नाही.
हाही गैरसमजच.

ती म्हणाली,
"तुझ्या वक्ताकय मी ह्याच करी होतंय.
माझ्यासारख्यां होवचां नाय म्हणान."

पोर शिंकलं.
आयेने तेलाचा हात पदराला पुसला,
माझ्या नाकाकडे पहिल्यांदा नीट बघितलं,
आणि पुन्हा मोजायला लागली,
कुठे थांबली होती ते विसरून,
एकपासून.